वाटाड्या आणि गाइड : कोहेनचा लेख नागद्वारीच्या वाटेवर वाचताना

पीएचडीत नेमकं काय करतेस, असं वर्ध्यात कुणी विचारलं की मी सांगते, “लोकांना रात्रभर डोंगरात घेऊन जाणाऱ्या माणसांचा अभ्यास.” पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : “पण आपल्याकडं डोंगर आहेत कुठं?”

प्रश्न रास्त आहे. गारमसूरच्या टेकड्या आणि बोरचं जंगल सोडलं तर आपला जिल्हा तसा सपाटच. पण दर पावसाळ्यात नागपंचमीच्या आधीचे काही दिवस विदर्भातली माणसं प्रचंड संख्येनं सातपुड्यात, पचमढीच्या नागद्वारीला जातात. घसरड्या वाटा, नाले, दऱ्या, रात्रीचा मुक्काम, सगळं असतं. त्याला ट्रेक मात्र कुणी म्हणत नाही.

माझ्या विषयात ज्या लेखापासून सुरुवात करावीच लागते तो एरिक कोहेन यांचा, १९८५ साली ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’मध्ये आलेला. कोहेन म्हणतात, आजच्या गाइडचे पूर्वज दोन. एक वाटाड्या, म्हणजे अनोळखी मुलखातून वाट काढून देणारा. दुसरा गुरू, म्हणजे जे दिसतं त्याचा अर्थ सांगणारा. यातून ते गाइडची चार कामं काढतात : वाट दाखवून सुखरूप परत आणणं, गटाचा मूड आणि एकोपा सांभाळणं, स्थानिक लोकांशी दुवा जोडणं आणि माहिती सांगणं. पर्यटन जसजसं मुरत जातं तसतसं पहिलं काम मागे पडतं आणि शेवटचं पुढे येतं, असं त्यांचं निरीक्षण आहे.

लेख उपयोगी आहे यात वाद नाही. वीकेंडला सह्याद्रीत निघणारे ट्रेक या चौकटीत घालून बघा, बरंच काही लख्ख दिसतं. मी अशाच एका रात्रीच्या ट्रेकला गेले होते. आमच्या लीडरला गडाचा इतिहास तोंडपाठ, शेकोटीजवळ गाणी-गप्पाही छान रंगवल्या. पहाटे उतरताना एका मुलीचा गुडघा गेला, तेव्हा कळलं की मागे थांबणारा माणूसच नेमलेला नाही. लीडर पुढे, आम्ही तिघं अंधारात मागे, मोबाइलला रेंज नाही. तासाभरानं तो शोधत परत आला. कोहेनच्या भाषेत, चौथं काम फर्स्ट क्लास, पहिलं नापास.

माझा पहिला आक्षेप इथंच आहे. वाट दाखवण्याचं काम मागे पडतं हे शहरातल्या म्युझियमला लागू पडेल, कारण तिथं चुकलं तर माणूस फार तर दुसऱ्या दालनात जातो. डोंगरात ते काम संपत नाही, फक्त दिसेनासं होतं. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात ट्रेकिंगचे गट सापडले आणि वीसहून जास्त माणसं गेली. अशा वेळी डोंगराचा इतिहास किती सांगता येतो याला काही अर्थ उरत नाही. कुठून उतरायचं, एवढाच प्रश्न असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही चारही कामं एका माणसाच्या अंगावर असतात, असं कोहेन गृहीत धरतात. एक जाणकार, बाकी सगळे नवखे. नागद्वारीच्या वाटेवर मला असा माणूस सापडेना. आईबरोबर गेले तेव्हा चढावर तिला दम लागला. आमच्या गावचे नसलेले एक काका थांबले, “बाई, बसा इथं. घाई काहून करता?” म्हणाले आणि आपली काठी देऊन पुढे गेले. पुढच्या वळणावर दुसऱ्याच कुणीतरी निसरडा दगड दाखवला. मुक्कामाला विदर्भातल्याच एका मंडळाचा मंडप होता, तिथं जेवण मिळालं. वाट दाखवणं, धीर देणं, जेवू घालणं ही कामं होत होती, पण ती वाटेवर विखुरलेली होती. ‘गाइड कोण?’ हा माझा प्रश्नच चुकीचा निघाला. ‘गाइडचं काम कुठं कुठं होतंय?’ असं विचारायला हवं होतं.

यात यात्रेचं गोडवे गायचं कारण नाही. विखुरलेल्या जबाबदारीची दुसरी बाजू अशी की काही बिघडलं तर जाब विचारायला कुणी नसतं. जो एकटा, पहिल्यांदा आणि ओळखीच्या जथ्याशिवाय जातो त्याला ही व्यवस्था सहज सापडत नाही. शिवाय ही वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते. एवढ्या गर्दीचा त्या जंगलावर काय परिणाम होतो, याचं उत्तर भक्तिभावात मिळणार नाही.

तरीही हा मुद्दा फक्त थिअरीचा नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीवर आणि सुरक्षेवर भर आहे. ते हवंच होतं. पण नोंदणी होते संस्थेची, प्रमाणपत्र मिळतं व्यक्तीला. गटाच्या शेवटी कोण चालणार, थकलेल्याजवळ कोण थांबणार, हे कागदाच्या पलीकडे उरतं. आपल्या बोरमध्येही, २०१४ ला व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून, गाइडबद्दल मी पर्यटकांना विचारते तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘वाघ दाखवला’ किंवा ‘नाही दाखवला’ हेच असतं. सुखरूप परत आणलं, हे कुणी मोजतच नाही.

म्हणून मी कोहेनचा तक्ता फेकून दिलेला नाही, त्यात एक रकाना वाढवलाय : हे काम नेमलेल्या माणसानं केलं की वाटेवरच्या कुणीतरी? तुम्ही पुढच्या वेळी रात्रीच्या ट्रेकचे पैसे भरायच्या आधी आयोजकाला एकच गोष्ट विचारा : सगळ्यात मागे कोण चालणार? उत्तर द्यायला तो अडखळला, तर इतिहास घरी बसून वाचलेला बरा.