शब्द एक, कामे तीन

'वायुवीजन' हा शब्द आपल्याला शाळेत तीन ठिकाणी भेटतो. समोरासमोर खिडक्या असल्या की वर्गात वायुवीजन होते. गांडुळांमुळे जमिनीत वायुवीजन होते. सांडपाण्याच्या टाकीतही वायुवीजन करतात. शब्द एकच, तेव्हा क्रियाही एकच असणार, असे मुलांना वाटले तर दोष कोणाचा?

'वीजन' म्हणजे वारा घालणे. जुन्या घरांतला विंझणा आठवावा. वर्गाला हा शब्द शोभतो, कारण तिथे आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येते.

जमिनीत मात्र कोणी वारा घालत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मोकळ्या असल्या की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ऑक्सिजन आत शिरतो, तोही मुख्यतः विसरणाने. पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून तर पाणी तुंबलेल्या शेतात मुळे गुदमरतात. इथे शेतकऱ्यांचे 'हवा खेळती राहणे' आम्हांला अधिक नेमके वाटते.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे ऑक्सिजन विरघळावा लागतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाला हवेतून लिटरभर पाण्यात विरघळतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. माशांच्या टाकीतला मासा बुडबुडे श्वासात घेत नाही. बुडबुड्यांमुळे पाणी ढवळते, खालचे पाणी वर येते आणि पृष्ठभागाशी ऑक्सिजन घेते. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. त्यात घाण खातात ते सूक्ष्मजीव, हवा त्यांच्यासाठी. 'वायुवीजन' एवढेच ऐकलेला मुलगा मात्र वाऱ्याने दुर्गंधी उडून गेली असे समजेल, आणि उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुणही मिळतील!

शब्द हद्दपार करा, असे आम्ही म्हणत नाही. पाण्यासाठी 'हवा विरघळवणे' म्हणावे, आणि शब्द कोणताही असो, पुढे विचारावे: हवा कुठून आली, कशात गेली, कोणासाठी? पाणी उकळून, झाकून थंड करा आणि चाखायला द्या. मग तेच पाणी दोन भांड्यांतून उंचावरून आठ-दहा वेळा ओता आणि पुन्हा चाखायला द्या. चव का बदलली, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले की पारिभाषिक शब्द द्यावा. तोवर त्याची घाई नाही.