कुबड्यांवरची सावली

बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’ची (१९४४) श्रेयनामावली चालू असताना कुबड्या टेकत एक काळी आकृती आपल्या दिशेने येत राहते. हॅट आहे, कोट आहे, चेहरा नाही. ती इतकी जवळ येते की पडदाच काळा होतो. हा कोण, हे वाइल्डर सांगत नाही. पुढे कळतं, कुबड्या नायिका फिलिसच्या पाय मोडलेल्या नवऱ्याच्या आहेत. आणि त्याचा खून करून विमा एजंट वॉल्टर नेफही कुबड्या घेऊन, त्याचंच सोंग वठवत आगगाडीत चढतो. मारणारा आणि मेलेला एकाच सावलीत! चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना या सुरुवातीलाच अंगावर काटा येतो.

शेवट आधी सांगून टाकणं ही फिल्म न्वारची आवडती रीत. नेफ रात्री खांद्यात गोळी घेऊन ऑफिसात येतो आणि वरिष्ठ सहकारी कीजसाठी डिक्टाफोनवर कबुलीजबाब नोंदवू लागतो. खुनी कोण हे कळलं, फायदा काहीच झाला नाही हेही कळलं. उरते ती घसरण. फिलिसच्या घरात ऐटीत शिरणारा नेफ आपण पाहतो, पण कानावर पडतो तो जखमी नेफचा आवाज. तोवर हलक्याफुलक्या भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेड मॅकमरेने हे निवेदन इतकं सपाट ठेवलंय की एखाद्या क्लेमची फाइल वाचून दाखवतोय असं वाटावं. त्या कोरडेपणातच सगळी हळहळ आहे.

आता त्या घराची बैठकीची खोली पाहा. बाहेर लॉस एंजलिसचं रणरणतं ऊन, आत मात्र खिडकीच्या पट्ट्यांतून गाळून आलेला उजेड भिंतींवर आणि नेफच्या अंगावर आडवा पडलेला. गजांची आठवण कुणालाही होईल. त्याहून बारीक काम हवेत आहे. छायाचित्रकार जॉन साइट्झने अॅल्युमिनियमची बारीक पूड उडवून ती धूळ म्हणून तरंगत ठेवली. त्यामुळे खोलीला एक कोंदट, शिळा वास येतो, तोही चित्रातून.

जेम्स एम. केनच्या कादंबरीतले संवाद वाचायला चोख, पण बोलायला नव्हेत, हे सहपटकथाकार रेमंड चँडलरने ओळखलं. पहिल्याच भेटीत नेफ लघळपणा करू लागतो तेव्हा फिलिस वाहतूक पोलिसाची भाषा काढते, तो वेग मोडणारा ड्रायव्हर होतो, आणि दंड, ताकीद असं करत दोघं चेंडूसारखी वाक्यं टोलवत राहतात. एकही शब्द अश्लील नाही. सेन्सॉर संहितेचा धाक होता म्हणून ही नजाकत आली, असं माझं ठाम मत आहे.

खुनाच्या क्षणी कॅमेरा खून दाखवतच नाही. फिलिस गाडी चालवतेय, शेजारी नवरा, मागे दडलेला नेफ. ती ठरल्याप्रमाणे हॉर्न वाजवते आणि पडद्यावर उरतो फक्त फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकचा चेहरा. समोरच्या रस्त्यावर खिळलेले डोळे, आणि त्यांत किंचितसं समाधान. पुढे प्रेत रुळांवर टाकल्यावर गाडी सुरूच होत नाही, तेव्हा ‘लाग बाई एकदाची’ असं आपणच पुटपुटतो. खुन्यांच्या बाजूला कधी गेलो, याचा पत्ताही लागत नाही.

आणि ते दार! कीज नेफच्या फ्लॅटमधून निघतो, फिलिस बाहेर उघडलेल्या दाराआड लपलेली. फ्लॅटचं दार असं बाहेर कधी उघडत नाही. वाइल्डरने प्रसंगासाठी ते खुशाल उघडू दिलं. लिफ्टपाशी गेलेला कीज सिगार पेटवायला काडी मागतो. त्याच्याकडे काडी कधीच नसते, आणि नेफ दर वेळी अंगठ्याच्या नखावर ती पेटवून देतो. एडवर्ड जी. रॉबिन्सनचा हा कीज खोटा दावा पोटातल्या जळजळीने ओळखतो. फक्त शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याला ओळखता येत नाही. म्हणून अखेरीस ऑफिसच्या दारात कोसळलेल्या नेफच्या सिगारेटसाठी कीज काडी ओढतो, तेव्हा चित्रपटातलं खरं प्रेम कुणाचं होतं ते उमगतं. वाइल्डरने यापुढे गॅस चेंबरमधल्या देहदंडाचं दृश्यही चित्रित केलं होतं. ते त्याने कापून टाकलं. काडीनंतर त्याची गरजच नव्हती.