भाकरी वजा केल्यावर
‘भात-भाकरी बंद, वजन कमी’ सांगणाऱ्या आहारतक्त्यांवर आमचा आक्षेप आहे तो त्यांच्या अर्धवटपणाचा. पिष्टमय पदार्थ घटले की रक्तातले इन्शुलिन उतरते, मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात. त्यामागोमाग पोटॅशियमही जाते. सांगली-साताऱ्याच्या ताटातली १०० ग्रॅम ज्वारी सुमारे ३३० मिलिग्रॅम पोटॅशियम, १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देते. भाकरीबरोबर तेही वजा! राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज ३५०० मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. पालेभाजी, शेंगदाणे, ताक यांनी बरीच भर पडेल. पण भाजी उकडून पाणी ओतून दिले, तर पोटॅशियम मोरीत. कोरेगावचा पोटॅशियमयुक्त घेवडाही हे तक्ते पिष्टमय म्हणून वगळतात. आणि मूत्रपिंडे अधू असणाऱ्यांना वाढीव पोटॅशियम घातक ठरते, हे कुणी छापायचे?