शुलमन वाचले, पण निरीक्षण-वहीत आशय कुठे आहे?

विज्ञान शिक्षणात पीएचडी करायचं ठरवलंत की पहिल्या महिन्याभरात कुणीतरी तुमच्या हातात ली शुलमन यांचा 1986 चा लेख ठेवणारच. 'एज्युकेशनल रिसर्चर'मधला, 11 पानांचा. संदर्भसूचीत तो जातोच, पण अनेकदा न वाचता जातो. म्हणून आज हा लेख नीट वाचू, आणि आपल्याकडच्या बीएडच्या शेजारी ठेवून तपासू. तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अपुरा पडतो, दोन्ही बघायला हवं.

आधी लेख काय म्हणतो ते. शुलमन 1875 सालची कॅलिफोर्नियातली शिक्षकांसाठीची परीक्षा समोर ठेवतात. तिच्यात जवळजवळ सगळे प्रश्न विषयाचे आहेत. मग ते 1980 च्या दशकातले शिक्षक-मूल्यमापनाचे निकष बघतात. तिथे पाठाचं नियोजन आहे, वर्ग सांभाळणं आहे, पण विषय गायब. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही टोकं अपुरी आहेत. विषय येणं ही एक गोष्ट, शिकवण्याची तंत्रं येणं ही दुसरी. पण हाच घटक या वयाच्या मुलांना शिकवताना नेमकं कुठे अडतं, कुठलं उदाहरण चालतं आणि कुठलं दिशाभूल करतं, हे माहीत असणं ही तिसरी गोष्ट. शिक्षकाचं खास ज्ञान ते हेच. इंग्रजीत याला पेडागॉजिकल कंटेंट नॉलेज, म्हणजे पीसीके म्हणतात.

तुमच्यापैकी बीएड झालेले म्हणतील, "हे तर आपलं आशययुक्त अध्यापन!" नाव जवळचं आहे खरं. पण त्या पेपरसाठी आपण प्रत्यक्षात काय केलं ते आठवा. पाठ्यपुस्तकातला घटक घेतला आणि आशय विश्लेषण म्हणून संज्ञा, तथ्यं, संकल्पना, तत्त्वं अशा रकान्यांत भरला. त्या तक्त्यात मूल कुठेच नव्हतं.

याची किंमत मला एका सराव पाठात कळली. विषय होता श्वसन. एका मुलीने विचारलं, "मॅडम, झाडं रात्री श्वसन करतात, मग दिवसा करत नाहीत का?" मी म्हटलं, "हो, दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन." चूक! वनस्पतीच्या पेशी चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग सहसा जास्त असतो, म्हणून झाडातून निव्वळ ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, इतकंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केली होती. पण मुलं इथेच गोंधळतात हे दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तास संपायला पाच मिनिटं उरली होती. निरीक्षण-वहीत शेरा आला: फलकलेखन सुवाच्य, तक्ता थोडा मोठा हवा, प्रबलन चांगलं. माझ्या चुकीबद्दल एक शब्द नाही. ती मुलगी ते उत्तर घेऊन घरी गेली.

इथपर्यंत शुलमन बरोबर वाटतात. आता त्यांच्याकडेही जरा कठोरपणे बघू.

पहिलं, त्यांचा शिक्षक एका विषयाचा आहे. जीवशास्त्र रेणूंकडून, परिसंस्थेकडून किंवा सजीवाकडून अशा वेगवेगळ्या अंगांनी मांडता येतं आणि चांगल्या शिक्षकाला हे माहीत असतं, असं ते लिहितात. उदाहरण सुंदर आहे. पण राज्य मंडळाच्या नववी-दहावीत 'जीवशास्त्राचा शिक्षक' असं पदच नसतं. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग असतात आणि बऱ्याच शाळांत दोन्ही एकाच शिक्षकाकडे. भौतिकशास्त्राचा पदवीधर आनुवंशिकता शिकवतो, प्राणिशास्त्राची पदवीधर भिंगं शिकवते. ज्या शिक्षकाचा विषयच अर्धा कच्चा आहे, त्याचं पीसीके कशावर उभं राहणार?

दुसरं, भाषा. श्वास, श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे शब्द मराठीत इतके जवळचे आहेत की पेशीत चालणारं श्वसन मुलांना नाकातच दिसतं. 'उत्क्रांती' या शब्दातच वर चढण्याचा भाव आहे, त्यामुळे माणूस हा शेवटची पायरी वाटतो. या अडचणी शब्दातून येतात, आणि मराठी वर्गातल्या या अडचणी कॅलिफोर्नियातल्या लेखात सापडणार नाहीत. त्या आपणच शोधायच्या.

तिसरं, हे ज्ञान एकट्या शिक्षकाच्या डोक्यात असल्यासारखं मांडलंय. साठ मुलांचा वर्ग, घंटा, मंडळाची परीक्षा यांना त्यात जागा नाही. भावना आणि सामाजिक संदर्भ आपल्या मांडणीत कमी पडले, हे पुढे 2015 मध्ये शुलमन यांनी स्वतःच मान्य केलं.

आणि एक सूचना. प्रबंधात "शुलमन यांनी सिद्ध केले" असं लिहू नका. त्यांचा गट तेव्हा नवख्या माध्यमिक शिक्षकांचा अभ्यास करत होता, पण 1986 चा लेख म्हणजे एक मांडणी आहे. ती तपासायची असते.

तपासणार कशी? आपल्याकडे 'अमुक पद्धतीची नववीच्या संपादणुकीवरील परिणामकारकता' असे विषय ढिगाने निवडले जातात. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, निष्कर्ष: परिणामकारक. एवढ्याने छात्राध्यापक कुठे घसरतो ते कळत नाही. त्याऐवजी हे करून बघा. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बीएडमध्ये 20 आठवडे आंतरवासिता आहे. परवानगी घेऊन, नावं काढून, एका महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या निरीक्षण-वह्या मिळवा. प्रत्येक शेरा एका गटात टाका: आशय, मुलांची समज, सादरीकरण, शिस्त. मग मोजा. शक्य असेल तर काही पाठांना स्वतः बसा, मुलांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या, आणि त्याच पाठावरचा शेरा त्यांच्या शेजारी ठेवा.

खर्च जवळजवळ शून्य. पण मुलाने काय विचारलं, शिक्षकाने काय सांगितलं आणि निरीक्षकाला काय दिसलं, हे तिन्ही एका पानावर येईल. माझ्या त्या पाठाचं असं पान कुणी भरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मला चूक दुरुस्त करता आली असती.