पिन म्हणजे गाव नव्हे : प्रवासाच्या संकेतस्थळांवरचे नकाशे वाचताना

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. सुट्टी ठरली की आपण प्रवासाचं एखादं संकेतस्थळ उघडतो, तारखा टाकतो आणि यादी वाचत बसण्याऐवजी 'नकाशावर पाहा' हे बटण दाबतो. समोर किनारा येतो, रस्ते येतात, आणि त्यावर दर लिहिलेल्या पिना. बोटानं नकाशा जरा सरकवला की नवे दर उगवतात. आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो. ज्याच्या भरवशावर माणसं मुलाबाळांना घेऊन घाट उतरतात, त्या नकाशाची समीक्षा मात्र क्वचितच होते. ती आज करून बघू.

आधी या नकाशाचं कूळ पाहू. 2005 च्या फेब्रुवारीत गुगल मॅप्स आलं. त्याच वर्षी पॉल रेडमेकर या प्रोग्रामरनं क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडून 'हाउसिंगमॅप्स' तयार केलं. तोवर गुगलनं अशी सोय कोणालाच अधिकृतपणे दिलेली नव्हती. ती जूनमध्ये आली, आणि मग कोणालाही आपल्या पानावर हा नकाशा बसवता येऊ लागला. आता यातली गंमत बघा. या परंपरेच्या अगदी सुरुवातीलाच विचारलेला प्रश्न 'इथली जमीन कशी आहे' हा नव्हता, तर 'इथे राहायला जागा कुठे मिळेल' हा होता. प्रवासाच्या संकेतस्थळांवरचे नकाशे आजही त्याच प्रश्नाचं उत्तर देतात. आपण मात्र त्यांना पहिला प्रश्न विचारतो.

याचा अर्थ हे नकाशे टाकाऊ आहेत, असं नाही. पूर्वी माहितीपत्रकात 'समुद्रापासून दोन मिनिटांवर' असं छापलं की आपल्याला मुकाट्यानं विश्वास ठेवावा लागायचा. आता ते हॉटेल हायवेला चिकटून आहे, हे घरबसल्या कळतं. ग्राहकाच्या हातात आलेली ही ताकद खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

टीका करताना नेम मात्र नीट धरायला हवा. अशा नकाशांवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे मर्केटरचं प्रक्षेपण. मर्केटरनं 1569 मध्ये दर्यावर्दींसाठी ते केलं, आणि वेबवरचे बहुतेक नकाशे त्याच्याच एका रूपावर उभे आहेत. त्यात ध्रुवांकडचे देश फुगतात, हे खरंच आहे. पण आपला दापोली-गुहागरचा पट्टा साधारण 17-18 अंश अक्षांशावर येतो. तिथे या प्रक्षेपणामुळे लांबीत येणारी वाढ जेमतेम पाच टक्के. त्यानं कोणाची सहल बिघडत नाही. सहल बिघडते ती पाण्यामुळे आणि उंचीमुळे.

पाण्याचं उदाहरण घेऊ. दाभोळ आणि धोपावे. मध्ये वाशिष्ठीची खाडी, या काठावर दापोली तालुका, त्या काठावर गुहागर. पडद्यावर दोन्ही गावं बोटभर अंतरावर दिसतात. अनेक संकेतस्थळं 'अमुक ठिकाणापासून इतके किलोमीटर' हा आकडा सरळ रेषेत मोजून देतात. कावळ्याला तो आकडा उपयोगाचा आहे. आपल्याला मात्र गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते, आणि बोट चुकली तर चिपळूणमार्गे भलामोठा वळसा. रात्री उशिरा खाडीच्या या काठावर पोहोचलेल्या आणि त्या काठावर खोली घेतलेल्या कुटुंबाला विचारा, अंतर म्हणजे काय ते. नकाशा खोटं बोललेला नसतो. फेरीबोटीची शेवटची वेळ सांगणं हे त्यानं आपलं काम मानलेलंच नसतं.

आता उंची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि त्याच्या तळाशी मुरबाड तालुक्यातलं बेलपाडा. साध्या रस्त्यांच्या नकाशावर मध्ये काय दिसतं? फिकट हिरवा रंग! प्रत्यक्षात तिथे आतल्या बाजूला वळलेला सरळसोट कडा आहे. तिथून वर चढणारी नळीची वाट ही दगडधोंड्यांतून, हातापायांनी चढायची वाट. ती सरावलेल्यांसाठीच. बाकीच्यांनी माळशेज घाट चढायचा, खिरेश्वर गाठायचं आणि टोलारखिंडीतून गडावर जायचं. कागदी स्थलनकाशात समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की डोळा आपोआप थबकतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर उभ्या असलेल्या ओपनटोपोमॅपवर आजही त्या रेषा फुकट बघायला मिळतात. म्हणजे अडचण तंत्राची नाही, निवडीची आहे. दराची पिन ठळक दिसावी म्हणून खालची जमीन मुद्दाम फिकी ठेवलेली असते.

आणि ही पिन तरी कशी? नकाशा कितीही लहान करा, तिचा आकार तोच राहतो. एका लॉजची पिन अख्खं खोरं झाकते. वाड्यावस्त्यांची नावं मात्र फार जवळ गेल्याशिवाय उमटत नाहीत. जिथे ऑनलाइन आरक्षण नाही तिथे पिन नाही. पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात घरगुती जेवणाची सोय होते, पण त्या चुलीला कुठला दर आणि कुठली पिन? बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. मग तो चार तासांवरच्या रिसॉर्टमध्ये खोली घेतो, आणि गावात येणारा पैसा गावाबाहेरूनच निघून जातो. त्यात क्रमवारीवर कमिशनचा परिणाम होऊ शकतो, हे काही संकेतस्थळं स्वतःच बारीक अक्षरांत सांगतात. तेव्हा नकाशावरचा रिकामा भाग रिकामा नसतो. तो फक्त विक्रीला नसतो.

मग आपण मागायचं काय? तीनच गोष्टी. अंतर सरळ रेषेत असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि शक्य तिथे रस्त्यानं लागणारा वेळ द्या. डोंगराळ आणि खाडीच्या मुलखात समोच्च रेषांचा थर एका बटणावर ठेवा, फेरीबोटी त्यांच्या वेळांसह दाखवा. आणि पैसे घेऊन वर आणलेली पिन वेगळ्या रंगात दाखवा. यातलं काहीही अशक्य नाही.

तोवर वाचक म्हणून आपलं काम आपणच करायचं. खोली पक्की करण्याआधी तोच भाग एखाद्या उंची दाखवणाऱ्या नकाशावर बघायचा, आणि यजमानाला फोन करून विचारायचं, 'अंधार पडल्यावर तुमच्याकडे कुठल्या रस्त्यानं यायचं?' या प्रश्नाचं उत्तर त्या गावातला माणूसच देऊ शकतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.