आसरा आणि शेजार

शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत ‘शनिवार तेली’ या नांवानें ओळखले गेलेले बेने इस्रायल हे मराठी समाजाचेंच एक अंग होय. त्यांपैकीं कांहीं कुटुंबें पुढें अहमदाबादेस स्थायिक झालीं. त्याच शहरांतील एस्थर डेव्हिड यांची ‘शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी’ ही २००७ सालची इंग्रजी कादंबरी २००२ च्या दंगलीनंतरच्या काळांत घडते. सुंतेच्या खुणेवरून आपणांस कोणी मुसलमान समजेल, या धास्तीनें ज्यू मंडळी एकत्र राहावयास येतात.

एवढा दारुण विषय लेखिकेनें आक्रोश न करितां लग्नांचे बेत, रुसवेफुगवे आणि इस्रायलची ओढ यांतून हाताळला, हें आम्हांस उचित वाटतें. भीति कशी संसारांत मुरते, तें त्यामुळेंच कळतें.

तथापि एक प्रश्न आमच्या मतें अधिक खोल जावयास हवा होता. १९३४ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशननें नाझी जर्मनींतून आलेल्या निर्वासितांस जें साहाय्य दिलें, तें त्यांनीं परक्या शहरांत पाय रोवावेत म्हणून. येथें मात्र पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलीं माणसें स्वतःच्याच शहरांत आसरा शोधतात. संकटांतला आसरा कायमचा झाला कीं शेजार सरतो. परंतु याचा दोष वसाहत बांधणाऱ्यांस कसा द्यावा? शेजाऱ्याच्या दाराचा भरंवसा उरला असता, तर निराळ्या दाराची गरज कोणास पडली असती? कादंबरी मिटल्यावर हा प्रश्न आम्हां शेजाऱ्यांकडेच वळतो.