दोन मरियाचित्रे आणि एक वही

‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण सौंदर्याविषयीचे वाद मिटवतो. वाद मिटतो खरा, पण आवड वेगळी का, हा प्रश्न उरतोच. मानसशास्त्राने तो हाती घेतला तेव्हा समोर पवित्र मरियेचे चित्र होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक नसेल.

१८७१ साली ड्रेस्डेन येथे हान्स होल्बाइनच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. बाझलचे माजी नगराध्यक्ष याकोब मायर सहकुटुंब मरियेच्या चरणी गुडघे टेकून आहेत, हे चित्र तेथे दोन रूपांत मांडले होते. एक डार्मश्टाटचे, दुसरे ड्रेस्डेनचे. अस्सल कोणते, यावर विद्वानांत रण माजले होते. गुस्टाफ फेखनर यांना मात्र अधिक सुंदर कोणते वाटते ते हवे होते. त्यांनी प्रेक्षकांसाठी एक वही ठेवली. अकरा हजारांवर लोक येऊन गेले. लिहिले अवघ्या ११३ जणांनी. त्यांतही कित्येकांनी सूचना पाळल्या नाहीत आणि काही जण मत ठरवूनच आले होते. (प्रवचनाला उभे राहणाऱ्यास हा अनुभव नवा नाही.)

प्रयोग फसला, असे म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. माणूस केवळ डोळ्यांनी पाहत नाही, हे त्या वहीने दाखवून दिले.

ड्रेस्डेनचे चित्र ही सतराव्या शतकातील बार्थोलोमेउस सारबुर्ग याची नक्कल, हे आता सर्वमान्य आहे. पण तिच्यातील मरियेचा मुखडा अधिक कोमल आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांना तोच भावला होता. काही चित्रकारांनी तर तिच्या बाजूने जाहीर निवेदन काढले. त्यांचे प्रेम खोटे होते काय? मुळीच नाही. ती कोमलता चित्रात खरोखरीच होती. चूक एवढीच, की ‘मला भावले’ यावरून त्यांनी ‘म्हणून अस्सल’ असा निष्कर्ष काढला. विद्वानांची चूक उलटी: अस्सल नाही, म्हणून सुंदरही नाही!

ही दुसरी चूक आम्हीही केली आहे. काही वर्षांपूर्वी मुख्य वेदीवरचा रंगीत प्लास्टरचा पुतळा काढून आम्ही तेथे सागवानी मूर्ती बसवली. एक आजी म्हणाल्या, “फादर, ही आमच्याकडे बघत नाही.” आम्ही ते अडाणीपणाचे समजलो. वारंवार पाहिल्याने वस्तू आवडू लागते, असे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली दाखवले, तेही आम्ही आजींना ऐकवले. आजी म्हणाल्या, “मग तुम्हीही रोज बघा ना तिला.”

जुना पुतळा आता बाजूच्या वेदीवर आहे. मेणबत्त्या तेथेच जास्त लागतात. आम्हांला मात्र सागवानी मूर्तीच आवडते.